मिरचीच्या लोणच्याला बुरशी यायची, ती अशी थांबली

थंडीत मिरच्या छान मिळतात, पण लोणच्यावर पंधरवड्यात पांढरी बुरशी धरायची. कारण सापडलं देठापाशी. भाजीवाले मिरच्यांवर पाणी मारतात, ते देठाच्या टोपीखाली साचतं. वरून पुसली तरी तिथे ओल राहतेच. आता मिरच्या देठासकट धुते, पुसते, मग देठ काढून रात्रभर पंख्याखाली सुती कापडावर पसरते. सकाळी टोपीची जागा बोटाला कोरडी लागली, की मगच चिरायच्या.

अर्धा किलोला 100 ग्रॅम मीठ, तेवढीच मोहरीची डाळ, हळद, हिंग, 5-6 लिंबांचा रस. रसात हात आखडू नका, आंबटपणानेच लोणचं टिकतं. फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची आणि फोडी तेलाखाली बुडलेल्या हव्यात. या पद्धतीचं लोणचं होळीपर्यंत जसंच्या तसं राहिलं.