पुराआधी काय हलवायचं, पुरानंतर कुठे पाय ठेवायचा नाही: सीमाभागातल्या घरांनी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातला मोठा पूर सहसा सांगून येतो. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, पाणी चढतं चिकोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाकात. मध्ये काही तास मिळतात, कृष्णाकाठाला त्याहून जास्त. तरीही 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत घरंच्या घरं उघडी पडली. वेळ मिळूनही नुकसान होतं, कारण कामाचा क्रम चुकतो. जे आधी हलवायचं ते शेवटी हलतं, आणि जिथे थांबायचं तिथे माणूस पुढे जातो.

"आपल्याकडे तर ऊन पडलंय"

गावातला पाऊस बघून पुराचा अंदाज बांधू नका. कृष्णाकाठच्या गावांनी कोयनेचा विसर्ग आणि शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून जाणारं पाणी रोज बघावं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. तीच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळे तिथला आकडा चढला की मांजरी, यडूर, कल्लोळच्या लोकांनी आवराआवर सुरू करावी. दूधगंगेसाठी काळम्मावाडी, वेदगंगेसाठी पाटगाव, घटप्रभेसाठी हिडकल आणि मलप्रभेच्या खालच्या अंगाला नविलुतीर्थ ही धरणं बघायची.

आणखी एक गोष्ट कायम हुकते. पाऊस थांबला, वरचा विसर्गही कमी झाला, तरी दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला पाणी उतरत नाही, कधी कधी उलट चढतं. पुढे कृष्णाच तुंबलेली असते आणि उपनदीला जायला वाट नसते. म्हणून "पाऊस उघडला, आता सामान खाली आणू" ही घाई करू नका. कृष्णा उतरायला लागल्याची खात्री झाल्यावरच सामान हलवा.

जुन्या पुराच्या खुणेवरही विसंबू नका. "2005 ला पायरीपर्यंतच आलं होतं" म्हणून थांबलेल्या कित्येक घरांत 2019 ला पाणी आत शिरलं. त्यापेक्षा अंगणाच्या कडेला दर 10 सेंटिमीटरला रंगाची रेघ मारलेली काठी ठोका आणि तासातासाला बघा. तासाला एक रेघ चढत असेल तर दहा तासांत मीटरभर पाणी येणार. हा हिशेब दुपारी चारला केला तर अंधाराआधी बाहेर पडता येतं. रात्री दहाला केला तर ते अवघड जातं.

नदीवरची मोटर: सगळ्यात महाग पडणारी चूक

पाणी मोटरच्या पायाशी आल्यावर रात्री बॅटरी घेऊन दोघं-तिघं नदीत उतरतात. काठाची माती सुटलेली असते, केबल पाण्यात असते, आणि थ्री फेज वीज कधी येईल याचा नेम नसतो. दहा अश्वशक्तीची मोटर पुन्हा मिळते, पण तिच्यापायी माणूस जातो.

मोटरच्या खाली पाच फुटांवर काठाला पक्की खूण करा. पाणी त्या खुणेला दिवसा लागलं तर मोटर काढायची. अंधार पडल्यावर लागलं तर मोटर सोडून द्यायची. हा निर्णय जूनमध्येच घरात करून ठेवा, कारण पाणी बघून डोकं चालत नाही.

काढण्याचा क्रम असा. आधी लाइनमनला सांगून टीसीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) लाइन बंद करून घ्या. मग तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवा, पेटीवर ठेवू नका, कारण शेजारच्याला वाटतं राहून गेले आणि तो बसवतो. टेस्टरने तिन्ही फेज तपासा. केबल सोडताना लाल, पिवळी, निळी अशी चिकटपट्टी प्रत्येक टोकाला लावा. नाहीतर परत जोडताना फेज उलटसुलट होतात, मोटर उलटी फिरते आणि पाणी उचलत नाही. तसं झालंच तर कोणत्याही दोन फेज आपसांत बदलल्या की फिरणं सरळ होतं. स्टार्टरची पेटी शेवटी नको, सुरुवातीलाच काढा. ती हलकी असते आणि पाण्यात एकदा बुडाली की बहुधा कामातून जाते.

बुडालेली मोटर वाळल्यासारखी दिसली तरी चालू करून बघू नका. गाळ वाइंडिंगमध्ये (आतल्या तारांच्या गुंडाळीत) बसलेला असतो, सुरू करताच ते जळतं. आधी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, बेअरिंगचं ग्रीस बदला आणि रिवाइंडिंगवाल्याकडून मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) तपासून घ्या. इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली असेल तर अजून सुकवावी लागेल.

घरातही तसंच. पाणी उंबऱ्याशी यायच्या आधी मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. तार तुटलेली दिसली तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या 1912 ला कळवा.

मातीची भिंत पूर ओसरल्यावर पडते

खानापूर, बेळगाव, हुक्केरी तालुक्यांत अजून कितीतरी घरं पांढऱ्या मातीची किंवा दगड-मातीची आहेत. ती पडायला पूरही लागत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये बडाल अंकलगी गावात पावसाने घर कोसळून सात माणसं गेली.

भिंत पाण्यात असताना दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब सारखा असतो. पाणी उतरलं की बाहेरचा आधार जातो, आणि आतून भिजलेली माती छपराचं वजन पेलू शकत नाही. म्हणून ऊन पडल्यावर, माणसं झाडलोट करायला आत गेल्यावर भिंत येते. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर धोका वाढतो. आतली माती सुकत नाही आणि वरून भिंत ठणठणीत दिसते.

आत जाण्याआधी चारी बाजूंनी फिरून बघा. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी चीर वाढलीय का, वासे भिंतीतून सरकलेत का, दार अडकायला लागलंय का. जोत्यापासून दोन फूट उंचीवर लांब खिळा हाताने दाबून बघा. सहज शिरला तर भिंत ओली आहे, तिच्याजवळ झोपायचं नाही. टेकू लावून भागत नाही. टेकू कललेली भिंत धरतो, पण विरघळलेल्या मातीला धरत नाही. भिंत पाडावीच लागली तर वरून खाली थर काढत या. पायथ्याशी पहार घालणं जिवावर बेततं. घरातला गाळ भिंतीला लागून ढीग करून ठेवू नका, त्याने ओल आणखी टिकते.

गोठा

दावं कापायला विळा शोधत बसावं लागतं, तोवर जनावर बुडतं. पावसाळाभर ओढताच सुटणारी गाठ ठेवा आणि गोठ्याच्या दाराला विळा टांगून ठेवा. जनावरं माणसांच्या आधी हलवा. माणूस रात्री ट्रॅक्टरवर बसून निघतो, म्हैस निघत नाही. दुभत्या म्हशीला दिवसाला 50-60 लिटर पाणी आणि पाच-सहा किलो कडबा लागतो, त्या हिशेबाने चार-पाच दिवसांचा साठा उंचावर न्या. पुरात बुडालेला गाळाचा चारा घालू नका. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच घ्या. तिचा जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, पूर आल्यावर टोचून तेवढा उपयोग नाही.

बंधारा-पूल

कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 ला यमगर्णीजवळ हमरस्ता बंद पडला, तर बंधाऱ्याचं काय! गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोटरसायकल उचलतं, आणि खालचा कठडा गेलाय की आहे ते गढूळ पाण्यात दिसत नाही. वळसा घालून जा. कोणी अडकलं तर 112, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077.

विहिरीत मूठभर पावडर टाकणं

कोरडी ब्लीचिंग पावडर वर तरंगते किंवा गोळा होऊन तळाला बसते, आणि पाणी तसंच राहतं. आधी हिशेब करा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785 (सगळं मीटरमध्ये) म्हणजे विहिरीतले लिटर. तीन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे 21,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे 53 ग्रॅम. पुराचं पाणी शिरलेलं असेल तर आधी गाळ-पाणी उपसा आणि पहिल्या वेळी दुप्पट घ्या. बादलीत थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, तीच बादली दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवा. तासभर कोणी पाणी काढायचं नाही. नंतर आशाताईंकडून क्लोरीन तपासून घ्या. उघड्या पोत्यातली गेल्या वर्षीची पावडर निकामी झालेली असते.

पंचनाम्याआधी साफसफाई

गाळ काढायची घाई स्वाभाविक आहे. पण फोटोशिवाय नुकसान सिद्ध करता येत नाही. घर पूर्ण दिसेल असा एक फोटो, पडलेल्या भागाचे जवळून फोटो, आणि आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसेल असा एक घ्या. घराचं नुकसान ए, बी, सी अशा गटांत धरतात, आणि मदत त्या गटावर ठरते. जनावर गेलं तर पुरण्याआधी पशुवैद्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो ठेवा.

पिकाची मदत 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तरच मिळते. ती आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि बऱ्याच जणांची इथेच अडते. उताऱ्यावरचं कन्नडमधलं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही, उतारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो, फ्रुट्स क्रमांकच (कर्नाटक सरकारचा शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला नसतो, किंवा पीक पाहणीत ऊस लागलेला असतो आणि शेतात सोयाबीन असतं. ही दुरुस्ती पुराच्या आठवड्यात होत नाही. मे-जूनमध्ये उतारा आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत विचारा. पीक पाहणी झाल्यावर आपल्या गट नंबरपुढे काय नोंदलंय ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहून या.