तुरुंगातल्या अमेरिकी माजी सैनिकांची अपंगत्व भरपाई: या चुका टाळा

अमेरिकेत शिक्षा झाली की व्हीएचे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या खात्याचे, पैसे कायमचे बंद होतात असं धरून चालणारे कैदी खूप आहेत. म्हणून ते अर्जच करत नाहीत. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सैन्यात असताना झालेल्या इजेची किंवा आजाराची भरपाई शिक्षेमुळे कमी होते, पण हक्क जात नाही. तुरुंगातून नवा दावाही करता येतो.

कपात कुठे लागते ते नीट समजून घ्या. फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरून तुरुंगात गेल्यावर ६१व्या दिवसापासून ती लागू होते. २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर १० टक्क्यांचा दर मिळतो. मुळात १० टक्केच असेल तर त्याचा निम्मा. २०२५च्या दराने, कुणीही अवलंबून नसलेल्या १०० टक्के अपंग माजी सैनिकाचे महिन्याचे ३,८३१.३० डॉलर १७५.५१ डॉलरवर येतात. पण खटला चालू असतानाचे कोठडीतले दिवस या ६१ दिवसांत धरत नाहीत. मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा असेल तर भरपाई कापली जात नाही. हाफवे हाउसमध्ये (सुटकेआधीच्या देखरेखीच्या वसतिगृहात) किंवा वर्क रिलीजवर (कामासाठी बाहेर जाण्याच्या सवलतीवर) असलेल्यांचीही नाही. व्हीएच्या पेन्शनचं, म्हणजे युद्धकाळात सेवा केलेल्या कमी उत्पन्नाच्या माजी सैनिकांना मिळणाऱ्या मदतीचं, मात्र वेगळं आहे: गुन्हा फेलनी असो वा मिस्डिमीनर, ६१व्या दिवसापासून ती पूर्ण थांबते. भरपाई आणि पेन्शनचे नियम एकच समजून कितीतरी घरं चुकीचा हिशेब करून बसतात.

‘हातात एवढेच येणार तर आत्ता कशाला खटपट?’ हा विचारही सोडा. दावा मंजूर झाला तर टक्केवारी आत्ताच ठरते आणि सुटल्यावर पूर्ण रक्कम सुरू होते. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर आधी २१-०९६६ हा इरादा कळवण्याचा अर्ज पाठवा. त्याने पैसे ज्या दिवसापासून धरायचे ती तारीख एक वर्ष राखून ठेवली जाते. त्या मुदतीत २१-५२६ईझेड हा मुख्य अर्ज पोचला पाहिजे.

आता तपासणी. चांगले दावे इथेच बुडतात. व्हीए वैद्यकीय तपासणीची तारीख कळवते, कैदी बाहेर जाऊ शकत नाही, तुरुंगाकडून उत्तर जात नाही, आणि कागदावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो. तुरुंगात असलेल्या माजी सैनिकाला इतरांइतकीच मदत मिळाली पाहिजे आणि ती त्याच्या परिस्थितीला धरून द्यायला हवी, हे १९९१च्या वूड आणि १९९५च्या बोल्टन खटल्यांत माजी सैनिकांच्या अपील कोर्टाने सांगितलं आहे. व्हीएचा किंवा कंत्राटी डॉक्टर तुरुंगात येऊ शकतो, नाहीतर तुरुंगातल्या डॉक्टरांकडून व्हीएच्या नमुन्यानुसार तपासणी करून घेता येते. पण ते मागावं लागतं. मुख्य अर्जासोबत स्वच्छ अक्षरात लिहून द्या: ‘मी अमुक तुरुंगात आहे, कैदी क्रमांक अमुक. तपासणीसाठी बाहेर येणं शक्य नाही. ती इथेच करावी किंवा इथल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. संपर्कासाठी अमुक अधिकारी.’ दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर नवा पत्ता लगेच कळवा. पत्र जुन्या तुरुंगात पडून राहिलं तरी मुदती थांबत नाहीत.

शिक्षा झाल्याचं व्हीएला न कळवणं ही आणखी एक चूक. पूर्ण पैसे येत राहतात, पुढे ते उघड होतं आणि सगळी जादा रक्कम कर्ज म्हणून अंगावर येते. तशी नोटीस आलीच तर गप्प बसू नका. हे कर्ज माफ करण्याचा अर्ज नोटिशीपासून एक वर्षात करता येतो.

कापलेली रक्कम घरी आपोआप जात नाही, हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतं. पती किंवा पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील गरज दाखवून त्यातला वाटा मागू शकतात. त्यासाठी २१-०७८८ हा अर्ज आहे. घरभाडं, औषधं, मुलांचा खर्च यांचे आकडे त्यात खरे आणि पूर्ण भरा. बाप आत असताना त्या पैशांवर मुलांचं पोट भरू शकतं. केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून ते न मिळणं मला अजिबात पटत नाही.

या कामात मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात. व्हीएचे पुनर्वसन तज्ज्ञही सुटकेच्या आधी तुरुंगात येऊन भेटतात. तुरुंगातल्या समुपदेशकाकडे त्यांची चौकशी करा.

सुटकेची तारीख अधिकृतपणे ठरली असेल तर पैसे पुन्हा सुरू करण्यासाठी व्हीएला सुमारे ३० दिवस आधी कळवता येतं. सुटल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलं तर पूर्ण भरपाई सुटकेच्या दिवसापासून धरतात. वर्ष उलटलं तर मधल्या महिन्यांचे पैसे जातात. सुटकेच्या कागदाची प्रत, नवा पत्ता आणि बँक खात्याचा क्रमांक एकाच वेळी पाठवा.