इंदूरहून पहिली लांबची फेरी: आधी घाट शिका

जड वाहनाचं लायसन्स मिळालं म्हणून लगेच एकट्याने मुंबईचा माल उचलू नका. आधी काही फेऱ्या एखाद्या मुरलेल्या उस्तादांच्या शेजारी बसून करा. मानपूरच्या पुढे रस्ता निमाडात उतरू लागला की त्यांचे पाय बघा, देखावा नंतर. डिझेल वाचवायला भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची खोड पुष्कळांना असते. ती अजिबात उचलू नका. ज्या गिअरमध्ये हाच चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो उतार लागण्याआधीच टाका. ब्रेक सतत दाबून धरला तर लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, तापतात, पकड जाते. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी झाला की सोडा. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर हवीच. सेंधव्यापुढच्या बिजासन घाटातही हेच.

कागद मालक देतोच, तरी ई-वे बिलावरचा, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावरचा, गाडी नंबर स्वतः वाचा. साध्या मालाला या बिलाची मुदत दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळते. गाडी रस्त्यात अडकली तर ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच कळवा. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवता येते.