मोरी तुंबली, स्प्रिंगने मोकळी केली

कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये मोरीत घोटाभर पाणी साचायला लागलं. आईने सोडा आणि कढत पाणी ओतून पाहिलं, ढिम्म. शेवटी रविवार पेठेतून पाच मीटरची ड्रेन स्प्रिंग (पाइपात घालून हँडलने फिरवायची लवचिक तार) आणली. जाळी काढली, नहाणी ट्रॅपमधली (जाळीखालच्या, पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यातली) वाटी उचलली (वास विचारू नका) आणि स्प्रिंग आत सोडली. हातभर गेली नि वळणावर अडली. मी नुसताच ढकलत होतो, तर तार दुमडून परत वर आली. मग हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत हळूहळू रेटली. एकदम हात हलका झाला. फिरवतच बाहेर ओढली, तर टोकाला केसांचा नि साबणाचा उंदराएवढा गोळा! दोन बादल्या पाणी गडगडत गेलं. वाटी मात्र बसवायची राहिली. रात्री घरभर गटाराचा वास. ती बसवून ट्रॅपमध्ये पाणी भरलं तेव्हा थांबला.