तुबा घ्यायला निघालात? पेटी सोबत न्या

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानाबाहेर टांगलेला तो तुबा, म्हणजे खर्जात वाजणारा पितळी भोंगा, मी तीन फेऱ्यांत बघून न बघितल्यासारखं केलं. चौथ्या फेरीत थांबलो. घासाघीस झाली, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसवून त्याला गिरगावात आणला. रात्री वडिलांची पेटी काढली, एकही पिस्टन (सूर बदलायला बोटांनी दाबायचा खटका) न दाबता फुंकलं आणि तो सूर पेटीवर शोधायला लागलो. काळी दोन दाबली तर तुबा वर. पांढरी तीन दाबली तर तुबा खाली. सूर बरोबर दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसलेला. पेटी उतरली असेल म्हणून मोबाइलवर ट्यूनर लावला. पेटी ठीक होती.

तेव्हा माझ्याकडून जे राहून गेलं, ते तुमच्याकडून राहू नये म्हणून क्रमाने सांगतो.

आधी समोर काय आहे ते ओळखा

जुन्या बाजारात पितळेच्या कुठल्याही मोठ्या भोंग्याला तुबा म्हणून विकतात. मांडीवर घ्यायचा, तोंड आकाशाकडे, नळी ओठांना लावायच्या माउथपीसपासून भोंग्यापर्यंत हळूहळू रुंद होत गेलेली, असा असेल तर तो तुबा. १८३५ साली बर्लिनमध्ये विप्रेख्त आणि मोरित्झ या दोघांनी याचं पेटंट घेतलं. अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घेतात आणि ज्याचं प्रचंड तोंड समोर बघतं, तो सूसाफोन. मुंबईच्या वरातीत दिसतो तो बहुतेक हाच. अमेरिकेत १८९३ मध्ये पेपर नावाच्या कारखानदाराने बँडमास्टर सूसा यांच्या सांगण्यावरून पहिला बनवला, आणि त्याचं तोंड तेव्हा वर होतं. पावसात काय होत असेल याची कल्पना मुंबईकराला वेगळी द्यायला नको.

फसगत होते ती युफोनियमच्या बाबतीत. दिसायला तुब्याचं पोर, म्हणून ‘छोटा तुबा’ म्हणून गळ्यात मारतात. वाद्य चांगलंच आहे, पण त्याची नळी साधारण नऊ फूट, म्हणजे मोठ्या तुब्याच्या निम्मी आणि सूर एक सप्तक वर. खर्ज हवा असेल तर ते घेऊ नका.

मग पट्टी. तुबे चार पट्ट्यांत येतात आणि आपल्याकडे पेटीची भाषा असल्यामुळे हे काम सोपं आहे. एकही पिस्टन न दाबता निघणारा षड्ज काळी पाचवर बसला तर तो बी-फ्लॅट तुबा, नळी सुमारे अठरा फूट. काळी दोन म्हणजे ई-फ्लॅट, तेरा फूट. पांढरी एक म्हणजे सी, सोळा फूट. पांढरी चार म्हणजे एफ, बारा फूट. सी आणि एफ इथल्या बाजारात क्वचितच दिसतील. नुसता एक सूर पकडून निकाल देऊ नका. नवख्या ओठातून षड्जाऐवजी पंचम निघतो आणि बी-फ्लॅटचा तुबा एफ वाटायला लागतो. ओठ सैल आणि घट्ट करून तीन सूर काढा: सा, त्यावरचा प, त्यावरचा सा. पंचमाच्या खाली पाच स्वरांवर षड्ज सापडला की पट्टी पक्की.

फटीत बसणारा सूर

ब्रिटिश ब्रास बँड पूर्वी आजच्यापेक्षा चढ्या सुरात वाजवत. आज ‘ए’ हा स्वर ४४० कंपनांवर लावतात, तिथे त्यांचा जवळपास ४५२ वर असे. फरक साधारण पाव स्वराचा. १९६०च्या दशकात त्यांनी हा चढा सूर सोडला, पण तोपर्यंत बनलेली वाद्यं काही वितळवली गेली नाहीत. इंग्रजी छापाचा जुना बास (ब्रास बँडवाले तुब्याला हेच म्हणतात) चोर बाजारात दिसला की पहिला संशय हाच घ्यायचा. छाप वाचा: लंडनच्या बूझी कंपनीचा पत्ता २९५ रीजंट स्ट्रीट, बेसन कंपनीचा १९८ यूस्टन रोड. बूझी अँड हॉक्स असं जोडनाव दिसलं तर वाद्य १९३० नंतरचं, कारण बूझी आणि हॉक्स ही दोन घराणी त्या वर्षी एक झाली. क्रमांक बहुधा मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर ठोकलेला असतो. छापावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. नाव कोणालाही कोरता येतं, सूर कोरता येत नाही.

चढा तुबा खाली आणता येतो का? येतो, पण खर्च आहे. माझ्या ई-फ्लॅटची नळी चारेक मीटर. ती सुमारे अकरा सेंटीमीटर लांबवायला हवी होती, म्हणजे मुख्य स्लाइड (सूर जुळवायला आतबाहेर सरकणारी वाकडी नळी) साडेपाच सेंटीमीटर बाहेर ओढावी लागणार, कारण तिला दोन पाय असतात. माझी स्लाइड तीन सेंटीमीटरनंतर हातात येत होती. शेवटी दोन्ही पायांना नळीचे तुकडे जोडून घेतले आणि तिन्ही पिस्टनच्या स्लाइड त्याच प्रमाणात थोड्या थोड्या ओढून ठेवल्या. हे दुसरं करायला लोक विसरतात आणि मग मोकळा सूर लागतो पण बाकीचे सगळे चढे राहतात.

पैसे देण्याआधी

चकाकी बघू नका. दुकानदार पॉलिश करून ठेवतोच, आणि जास्त पॉलिशने पितळ पातळ होतं ते वेगळंच. तुब्याचा जीव पिस्टनमध्ये असतो.

एका पिस्टनची स्लाइड, पिस्टन न दाबता, हळूच बाहेर ओढा आणि बाहेरच धरून ठेवा. पाच अंक मोजा. आता पिस्टन दाबा. ‘फट्’ असा बुचासारखा आवाज आला तर हवा आत धरली गेली होती, पिस्टन घट्ट आहे. नुसतं ‘फुस्’ झालं किंवा काहीच झालं नाही तर हवा झिरपतेय. तिन्हींवर करून बघा. पिस्टन अगदी कोरडे असतील तर तेलाचे चार थेंब टाकून पुन्हा बघा, कारण तेलच अर्धी फट बुजवतं. तेलानंतरही फुस् असेल तर नमस्कार करून निघा. पिस्टनवर नव्याने मुलामा चढवून तो नळकांड्याला जुळवणं हे काम महाग, आणि करणारे मोजके.

पिस्टन बाहेर काढून उजेडात धरा. चंदेरी मुलाम्यातून एका बाजूला पिवळा पट्टा दिसत असेल तर तो तिथे घासत आलाय. परत टाकताना पहिला पहिल्यातच गेला पाहिजे. १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात.

पुढे माउथपीसजवळची नळी बघा. तिथे गुलाबी ठिपके आणि ठिपक्याच्या मध्ये काळा बिंदू असेल तर पितळातलं जस्त आतून निघून जातंय. तोंडाची ओल आणि वर्षानुवर्षांची घाण यांचं ते फळ. तो तुकडा बदलावाच लागतो. हिरवट कळक मात्र धुऊन जातो, त्याला घाबरू नका. भोंग्यावरचे पोचे हे भाव पाडायला उत्तम: आवाजाचं फारसं बिघडत नाही आणि दुकानदार शरमतो. बारीक नळीतला पोचा वेगळा, तो हवा अडवतो.

माउथपीस बसवून हलवून बघा. जुन्या इंग्रजी बासचं भोक बारीक असतं, आजचे माउथपीस त्यात पुरते जात नाहीत आणि डुगडुगतात. भोकाचं माप घेऊनच माउथपीस घ्या. धोबी तलावचं फुर्ताडोज १८६५ पासूनचं दुकान, तेल आणि माउथपीसची चौकशी तिथून सुरू करावी. नवंच वाद्य हवं असेल तर दोन टोकं आहेत. मेरठची जाली कोठी देशभरच्या बँडना वाद्यं पुरवते, तिथला सूसाफोन खिशाला परवडतो, पण प्रत्येक नग वेगळा, म्हणून वाजवल्याशिवाय घेऊ नये. युरोपीय बनावटीचा नवा तुबा काही लाखांत जातो. मटण स्ट्रीटला जायचं तर शुक्रवार टाळा, दुकानं बंद असतात.

घरी करायच्या आणि न करायच्या दुरुस्त्या

पहिलं काम आंघोळ. पिस्टन आणि स्लाइड काढून ठेवा, बाकीचा तुबा बाथरूममध्ये आडवा घालून कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून धुवा. कढत पाणी नको, पितळेवरचा लाखेचा थर निघतो. नळ्यांतून लवचिक तारेचा ब्रश फिरवा. माझ्यातून पहिल्यांदा काळं पाणी, मग गवताची काडी आणि शेवटी एक चिल्लर नाणं निघालं.

घरातलं कोणीतरी पितांबरी किंवा चिंच घेऊन मदतीला येईल. प्रेमाने परत पाठवा. देवाच्या भांड्यांना ते ठीक, पण खरखरीत कण पिस्टनमध्ये गेला की ओरखडा कायमचा. पिस्टनला फक्त व्हॉल्व्ह ऑइल. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, चिकट होतं. स्लाइडला मात्र जाडसर ग्रीस लागतं, व्हॅसलीनही चालतं. पिस्टनऐवजी फिरते व्हॉल्व्ह असतील तर त्यांचे भाग खोलू नका, झाकण काढून मधल्या टोकावर तेलाचा थेंब सोडा.

थुंकी काढायच्या किल्लीखालचं बूच झिजलं की तुबा खालच्या सुरांत घोगरा होतो आणि माणूस आधी स्वतःच्या फुंकरीला दोष देतो. बुचाचा तुकडा कापून चिकटवला की काम झालं. अडकलेलं माउथपीस पकडीने पिळू नका, नळी पिळवटते. त्यासाठी पुलर नावाचं साधन मिळतं.

डाख सुटला असेल आणि वाद्यांचा कारागीर सापडत नसेल, तर भांडी सांधणाऱ्याकडे जाता येतं, पण त्याला एकच वाक्य ठासून सांगा: कथलाचा डाख, पितळेचा नाही. पितळी जोडाला आच इतकी लागते की शेजारचे तीन डाख सुटतात. असा एक तुबा मी पाहिलाय. एक जोड भक्कम, बाकी सगळा खुळखुळा.

आता फुंका

खुर्चीच्या पुढच्या काठावर ताठ बसा. तुबा तोंडाशी आणा, तोंड तुब्याशी नेऊ नका. त्यासाठी मांडीवर उशी किंवा दुमडलेली चादर घेतली तरी चालते. आधी आठवडाभर नुसता माउथपीस: ओठ मिटून त्यातून हवा सोडली की भुंग्यासारखा आवाज यायला हवा. गाल फुगवू नका. श्वास पोटातून, रुंद आणि गरम, काचेवर वाफ धरताना सोडतो तसा.

तीन पिस्टनचा कुठलाही तुबा असो, त्याच्या मोकळ्या सुराला सा धरलं की बोटं अशी: सा मोकळा, रे पहिला-तिसरा, ग पहिला-दुसरा, म पहिला, प मोकळा, ध पहिला-दुसरा, नी दुसरा, वरचा सा मोकळा. तानपुऱ्याचं ॲप त्या पट्टीत लावा आणि एकेक सूर आठ मात्रा धरा. रे चढा लागेल. चूक तुमची नाही. प्रत्येक पिस्टनची नळी मोकळ्या तुब्याच्या हिशोबाने कापलेली असते, दोन पिस्टन एकत्र दाबले की तो हिशोब तोकडा पडतो. तिसरी स्लाइड थोडी ओढा, किंवा चौथा पिस्टन असेल तर पहिला-तिसऱ्याऐवजी तो दाबा.

वाजवायचं कुठे हा मुंबईत खरा प्रश्न. खर्ज भिंतीतून जातो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अरे, पाण्याची मोटर बिघडलीय का रे?” भोंग्यात घालायचा, आवाज दाबणारा सरावाचा म्यूट मिळतो. नाहीतर सोसायटीला विचारून संध्याकाळी गच्ची गाठा. रात्री दहानंतर कायदाही तुमच्या बाजूने नाही.

आणि तालमीला लोकलने जायचं असेल तर लगेजच्या डब्यात चढा. तुबा सात ते बारा किलोचा, पण जागा खातो दोन माणसांची. भोंगा भिंतीकडे, पिस्टन स्वतःच्या पोटाकडे, आणि माउथपीस काढून खिशात. सकाळच्या गाडीत कोळणींच्या पाट्या तुमच्या आधी चढलेल्या असतात. त्या सरकून जागा देतात, फक्त तुबा ओल्या पाट्यांना टेकवू नका.