'तिथे होतो' म्हणजे किती? प्रेझेन्स मोजायला निघालेल्यांसाठी

माझ्या पहिल्या पायलट चाचणीतला एक मुलगा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट लावून उंच फळीवर उभा होता. फळी आभासी, पायाखाली साधी फरशी. तरी कड आली तसा त्याने पाय झटकन मागे घेतला. नंतर प्रश्नावलीत 'त्या जागी असल्यासारखं वाटलं' यापुढे मात्र 7 पैकी 2 वर खूण. विचारलं तर म्हणाला, "खोटं आहे हे माहीतच होतं ना! मग तिथे होतो असं कसं लिहू?"

चूक माझी होती. प्रेझेन्स म्हणजे खोट्याला खरं मानणं नव्हे; खोटं आहे हे ठाऊक असूनही आपण त्या जागी आहोत असं वाटत राहणं. हे मराठी वाक्यात उतरवताना माझी दमछाक झाली. 'उपस्थिती' लिहिलं की लोकांना हजेरीपट आठवतो. शेवटी तो शब्दच टाळला आणि सुरुवातीला एक ओळ घातली: 'काय माहीत होतं ते नको, काय वाटलं ते सांगा.' भाषांतर झाल्यावर चार-पाच जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि त्यातून काय कळलं ते विचारा. ही पायरी गाळू नका.

आता प्रश्नावली कोणती? विटमर आणि सिंगर या संशोधकांची 1998 ची 32 प्रश्नांची यादी सगळीकडे भेटते, पण तिच्यातले बरेच प्रश्न नियंत्रणं किती सोपी वाटली, दृश्य कसं होतं, असे यंत्रणेबद्दलचे आहेत. नवख्याला मी आयपीक्यू (इग्रुप प्रेझेन्स क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली घ्यायला सांगते. 14 प्रश्न: एक सर्वसाधारण, बाकीचे जागेची जाणीव, गुंतणं आणि खरेपणा या तीन भागांत. त्यातल्या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरायचे असतात; तिथे मोठा आकडा म्हणजे कमी प्रेझेन्स. मी ते विसरले होते. विश्वासार्हतेचा आकडा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा) इतका पडला की आठवडाभर सहभागींनाच दोष देत बसले.

2000 साली उसोह, स्लेटर या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना खऱ्या ऑफिसात आणि काहींना त्याच ऑफिसाच्या आभासी नकलेत एक वस्तू शोधायला लावली. विटमर-सिंगरच्या गुणांनी दोन्ही गट वेगळे दाखवलेच नाहीत. 2004 मध्ये स्लेटरने आणखी खोचक प्रश्न केला: 'कालचा दिवस किती रंगीत होता' असं विचारलं तरी लोक आकडा देतातच, मग तो गुण आधीपासून तिथे होता की प्रश्नाने निर्माण केला? हे वाचून मी प्रश्नावली सोडली नाही. पण निव्वळ तिच्या भरवशावर राहणंही सोडलं. सोबत हृदयगती घेते, पाय कधी मागे जातो ते व्हिडिओत पाहते.

वेळेचंही सांभाळा. हेडसेट काढला, पाणी प्यायलं, मोबाइल चाळला आणि मग फॉर्म भरला, तर हाती उरते आठवण. मी फॉर्म लगेच, त्याच खुर्चीवर देते.

फॉर्म झाला की एकच विचारते, "तंद्री कुठे मोडली?" उत्तरं पटापट येतात: केबल पायात आली, तुमचा आवाज ऐकू आला. एकीने सांगितलं, शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली आणि त्यानंतर शेवटपर्यंत ती फक्त पडद्याकडे बघत होती. तिचे आयपीक्यूचे गुण त्या दिवशी सगळ्यांत जास्त होते.