चोरलच्या गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी चालत नव्हती: माझा अनुभव

लक्षण असं: पावसाळ्यात इंदूरहून चोरल नदीकाठी तंबू ठोकला की पाणी चहाच्या रंगाचं. गोळी टाकून अर्धा तास थांबलं, तरी क्लोरीनचा वास येत नाही. फडक्याने गाळून पाहिलं, दुप्पट गोळ्या टाकल्या, गढूळपणा तसाच. तहानलेली पोरं समोर असताना फार चिडचिड होते.

कारण साधं आहे. मातीचे आणि कुजलेल्या पाल्याचे कण क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी गाळ बसवायचा, मग गोळी.

बादलीभर पाण्यात तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवून काढून घ्या. पाणी मिनिटभर जोरात ढवळा, मग पाचेक मिनिटं अगदी हळू. हा हळू भाग टाळू नका, त्यातच कण एकमेकांना चिकटून जड होतात. मग बादली हलवायची नाही. तळाशी गाळ बसला की वरचं निवळ पाणी चारपदरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात ओता. आता पाकिटावरच्या प्रमाणात गोळी, झाकण, 30 मिनिटं. क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा, पुन्हा 30 मिनिटं.

स्टोव्ह असेल तर मी निवळलेलं पाणी खळाखळा 1 मिनिट उकळते. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा जंतू क्लोरीनला दाद देत नाही, उकळल्यावर मरतो. लहान मुलांसाठी उकळलेलंच द्या.

शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं मात्र यातल्या कशानेच जात नाहीत. सोयाबीनच्या शेतांखालचा ओहोळ असेल तर पाणी घरूनच न्या.